‘शे’नं जावई पाडला

शेखरचा फोन सकाळी आला. मी दाढी करत होतो, म्हणून बायकोनं उचलला. धुळ्याहून बोलणारा हा माझा जुना मित्र एरवी सगळ्यांची खुशाली विचारल्याशिवाय मुद्द्यावर येत नाही. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, “विनूला सांगा, आपली शे गेली.” बायको माहेरची सांगलीकडची. इतकी वर्षं खानदेशात काढूनही तिची अहिराणी ‘शे’ म्हणजे ‘आहे’ याच्या पुढे गेलेली नाही. ती मोरीच्या दाराशी येऊन म्हणाली, “शेखरभावजी म्हणतात, ‘आहे’ गेली. म्हणजे काय हो?” मी तोंडावरचा साबण तसाच ठेवून तिथल्या स्टुलावर बसलो. 

शे म्हणजे सुमनअक्का. जळगावात तिचा संगणकाचा क्लास होता आणि अर्ध्या शहरातल्या पोरी तिच्या हाताखालून गेल्या. पण त्याच्या कितीतरी आधी, धुळ्यात पाचकंदील बाजारामागच्या बोळात, ती आमच्या व्हिडिओ गेमच्या दुकानातली सर्वांत मोठी खेळाडू होती, आणि मला आयुष्यात सर्वांत जास्त वेळा हरवणारी बाईही तीच. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. रडायचं तेवढं रडून झालं. आता मला तिच्या जिंकण्याबद्दल लिहायचं आहे. ज्याला तिनं हरवलं त्यानंच ते लिहावं, कारण बाकीचे कौतुक करतील, पण मार कसा बसला ते मीच सांगू शकतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, म्हणजे कॉलेजच्या दिशेनं घरातून निघत होतो. त्या दुकानाचे मालक नाना, त्यांचं आधी भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. एक दिवस त्यांनी सायकली मागच्या खोलीत ढकलल्या आणि ट्रकमधून एक कपाट उतरवून घेतलं. कपाटाला काच होती, काचेत काळोख होता, खाली एक दांडा आणि एक लाल बटण. वर कुठल्या तरी परक्या लिपीतलं नाव होतं, ते आम्हाला कुणालाच कधी वाचता आलं नाही. नाणं टाकलं की काळोखात चांदण्या उगवायच्या, तळाशी आपलं एकुलतं एक विमान यायचं आणि वरून ओळीच्या ओळी धरून परग्रहावरचे प्राणी खाली सरकायला लागायचे. त्यांना आम्ही टोळ म्हणायचो. पिकावर उतरतात तसेच उतरायचे. आज माझा नातू ज्या गेम खेळतो त्यांच्यापुढे ती चौकोनी ठिपक्यांची गंमत होती, हे मला कळतं. पण त्या ठिपक्यांनी आमच्या छातीत जे धडधडवलं, ते त्याच्या चकचकीत पडद्यावर मला अजून दिसलेलं नाही, आणि यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

टोळांच्या सगळ्या ओळी पाडत पाडत पुढे गेलं की शेवटी एक भलंमोठं यान यायचं. दोन्ही बाजूंना करवले घेऊन, वाजतगाजत, सावकाश उतरायचं. कितीही मारा, त्याचं समाधान व्हायचं नाही, आणि जाताना आपलं विमान घेऊनच जायचं. आम्ही त्याचं नाव जावई ठेवलं होतं. जावई दिसला की दुकानात सगळे गप्प व्हायचे. धुळ्यात तो कुणी पाडला नव्हता. शेखर दोनदा त्याच्यापर्यंत पोहोचला होता आणि मी थोडा जास्त वेळा. पण पोहोचणं वेगळं.

खेळ संपला की काचेवर पहिल्या दहा जणांची यादी यायची. त्यात आपली जागा लागली तर मशीन नाव विचारायचं आणि नावाला जागा इंग्रजी तीन अक्षरांची. माझी अक्षरं व्ही, आय, एन. विनायकचं विन. इंग्रजीत ते जवळजवळ जिंकल्यासारखंच ऐकू येतं, पण जवळजवळच. या यादीची एक गंमत होती. वीज गेली की ती पुसली जायची. लाइट आल्यावर मशीन कोऱ्या मनानं उठायचं आणि कारखान्यातली मूळची नावं दाखवायचं, जणू धुळ्यात कुणी कधी खेळलंच नाही. आणि वीज तर रोजच जायची. त्यामुळे आमची कीर्ती म्हणजे एका लाइटपासून पुढच्या लाइटपर्यंत.

एका संध्याकाळी आम्ही दुकानात शिरलो तर यादीत सर्वांत वर तीन अक्षरं होती... एस, एच, ई. आकडा आमच्या सगळ्यांच्या वर. नाना म्हणाले, मी दुपारी झोपायला घरी जातो, मला काही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुपारी लाइट गेलेली असली तर यादी कोरी, नसली तर वर एस, एच, ई. आम्ही मोठ्यानं वाचलं, शे. मी म्हटलं, हा कुणी तरी आपल्यातलाच अहिराणी गडी आहे. मशीननं विचारलं कोण आहे, यानं सांगितलं, शे. अडत दुकानदाराचा मुलगा शेखर इंग्रजी शाळेत शिकलेला. तो आधी म्हणाला, इंग्रजीत याचा अर्थ ‘ती’ होतो, मुलगी आहे. यावर आम्ही इतके हसलो की नानांनी आम्हाला बाहेर काढलं. मुलगी, म्हणे! त्या बोळात मुली येत होत्या त्या फक्त शेजारच्या टायपिंग क्लासला, मान खाली घालून, छातीशी पुस्तक धरून.

मग चारपाच दिवसांनी शेखरनं सांगून टाकलं की ते तोच आहे. शेखरची पहिली तीन अक्षरं, एस, एच, ई. दुपारी एकटा येऊन खेळतो. बोलायला जागाच नव्हती, अक्षरं त्याचीच होती. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, भेळ खाऊ घातली. माझ्या पोटात दुखलं, पण मीही खाल्ली. आता हे आठवून शेखर स्वतःच पोट धरून हसतो. म्हणतो, मी खोटं बोललो नव्हतो रे, नाव आयतं चालत आलं, मी फक्त दार उघडलं.

भिंतीपलीकडे काय चाललं होतं ते मला नंतर अक्कानंच सांगितलं. ती भडगावकडची, गिरणेकाठच्या खेड्यातली. टायपिंगच्या सरकारी परीक्षेसाठी धुळ्याला मामांकडे राहायला आली होती. तिचा क्लास आणि आमचं दुकान यांच्यात एकच भिंत, म्हणून टाइपरायटरच्या खडखडाटात तिला दिवसभर आमच्या गोळ्या ऐकू यायच्या. दुपारी नाना झोपायला गेले की नानी दुकानात बसायच्या. नानींना एकटं बसायचा कंटाळा आणि अक्काला तो आवाज कसला ते बघायची उत्सुकता. नानींनी शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणाल्या, खेळ. पहिल्याच दिवशी टोळांची ओळ उजवीकडे सरकत टोकाला गेली, एक पायरी खाली उतरली आणि उलटी निघाली. ते बघून अक्का ओरडली, “नानी, हाई ते टाइपरायटरच शे! ओय सरनी का खाले उतरस!” ओळ संपली की खाली उतरतं, हे तिला कुणी शिकवावं लागलंच नाही. आम्ही पोरं टोळामागे विमान पळवायचो. ती ओळ जिथे संपणार तिथे आधीच जाऊन उभी राहायची. आम्ही बटणावर हातोडा मारायचो आणि दर मिनिटाला स्वतःच्या हाताकडे बघायचो. टायपिंगच्या बाईंनी तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं की बोटांकडे बघायचं नाही. तिचं बटण एका लयीत वाजायचं, पत्र टाइप करावं तसं.

आणि नाव? पहिल्यांदा मशीननं नाव विचारलं तेव्हा ती घाबरली. सुमन लिहावं तर बोभाटा होणार. मग तिला गावातली शाळा आठवली. तिथे गुरुजी हजेरी घ्यायचे आणि पोरांनी ‘हजर’ म्हणायचं, असा नियम होता. ही घरच्यासारखं ‘शे’ म्हणायची आणि छडी खायची. रोज खायची, पण हजर म्हणायला तिची जीभ वळायची नाही. तिनं दांडा फिरवून तीच अक्षरं लावली. “इथं छडी मारणारं कुणी नव्हतं ना,” असं मला सांगताना ती शाळकरी पोरीसारखी खूश झाली होती.

म्हणून भिंतीपलीकडून जेव्हा तिला ‘शेखर! शेखर!’ असा जल्लोष ऐकू आला, तेव्हा तिच्या अंगाची आग झाली. नानींना म्हणाली, “मनं शे त्यानं कसं व्हयनं?” माझं ते त्याचं कसं झालं? नानींनी समजूत घातली. पोरी, खेळच तो, परीक्षा दे आणि सुखानं घरी जा. पण तिला ते पटेना. ती मला म्हणायची, “विनूभाऊ, आमच्या घरात ताटावर भावाचं नाव, बैलगाडीवर आबांचं नाव, ट्रंकेवर आज्याचं नाव. माझ्या नावाचं असं जगात एकच होतं. तेही लाइट जाईपर्यंतचं. आणि तेवढंही दुसऱ्यानं उचललं.” हे ऐकून मी घरी गेलो आणि माझ्या बहिणीच्या सायकलवर तिचं नाव घालून घेतलं.

तिची परीक्षा संपली तो दिवस मला लख्ख आठवतो. संध्याकाळच्या गाडीनं तिचे आबा तिला न्यायला येणार होते. एकदा गावी गेली की पुन्हा धुळं नाही, स्थळं बघायला सुरुवातही झाली होती, आणि शे कायमचं शेखरचं होणार होतं. आम्ही दहाबारा जण मशीनभोवती कोंडाळं करून होतो. मध्ये शेखर, बाह्या सरसावून. दारातला उजेड अडला म्हणून मागे बघितलं तर एक मुलगी उभी. दोन वेण्या, छातीशी टायपिंगचं पुस्तक. मला वाटलं, आवाज कमी करा म्हणायला आली असेल. ती सरळ आत आली, शेखरपुढे उभी राहिली आणि म्हणाली, “तू ‘शे’ शेस का?”

शेखरनं आमच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. “हो,” म्हणाला. “शेखर.”

“मंग खेय.”

तो खेळला. वाईट नाही खेळला. पण मागे अशी कुणी उभी असताना आणि ती एक शब्द बोलत नसताना खेळणं सोपं नसतं. चौथ्या ओळीशी त्याचं विमान गेलं. त्यानं घाम पुसला. अक्कानं चपला काढून भिंतीशी ठेवल्या, पुस्तक माझ्या हातात दिलं (मीच जवळ होतो म्हणून, दुसरं काही कारण नाही) आणि मशीनला हात लावण्याआधी तो हात कपाळाला लावला. कुणी तरी फिसकन हसलं. नानी गल्ल्यावरून ओरडल्या, “हसू नका रे, देखा!”

मग जे झालं ते आम्ही नुसते बघत राहिलो. ती हाताकडे बघत नव्हती, टोळांकडेही बघत नव्हती, बघत होती ते ओळीच्या टोकाकडे. टक, टक, टक, टक... बटणाचा आवाज जराही मागेपुढे होत नव्हता. टोळ जितके वेगानं उतरत होते तितकी ती शांत. दोन ओळी, चार ओळी, पहिला पडदा, दुसरा पडदा. आमच्यातला एक जण श्वास घ्यायला विसरला आणि मग मोठ्यानं खोकला. बाहेरचे रिक्षावाले आत येऊन उभे राहिले. कुणाला तरी आपला पाय माझ्या पायावर आहे हे कळत नव्हतं, आणि मलाही कळत नव्हतं. आणि मग चांदण्यांमधून दोन करवले उतरले, मागून वाजतगाजत जावई.

आम्ही सगळे जावयावर गोळ्यांचा पाऊस पाडायचो. ती थांबली. पहिल्यांदाच तिचं बटण थांबलं. जावई डावीकडे सरकत गेला, टोकाला गेला, एक पायरी उतरला आणि वळताना क्षणभर त्याचं पोट उघडं पडलं. टक. पुन्हा उजवीकडे, पुन्हा टोक, पुन्हा पायरी. टक. आम्ही इतके महिने त्याला बघत होतो आणि तो ओळ बदलताना उघडा पडतो हे आम्हाला कुणाला दिसलं नव्हतं. जावई तिच्या डोक्यावर येऊन टेकला, आता घेऊन जातोच असं वाटलं... आणि टक. काच पांढरी झाली. सगळ्या चांदण्या फुटल्यासारख्या झाल्या. जावई पडला! दुकानात असा आवाज झाला की पलीकडच्या टायपिंगच्या बाई धावत बाहेर आल्या. मी पुस्तक डोक्यावर धरून नाचत होतो. माझं सगळं राज्य गेलं होतं आणि मी नाचत होतो.

मशीननं नाव विचारलं. तिनं दांडा फिरवला. एस आला. एच आला. ती पुढचं अक्षर शोधत होती, शेखर मान पुढे काढून बघत होता, आणि लाइट गेली.

दुकान, बोळ, पाचकंदीलची सगळी दुकानं काळोखात बुडाली. मशीनचा आवाज गळा दाबल्यासारखा बंद झाला. माझ्या शेजारी अक्काचा श्वास ऐकू येत होता, एवढंच. मला रडू फुटायच्या बेतात होतं. नेमकं आत्ता, त्या एका अक्षरासाठी... आणि त्या काळोखात दाराशी एक जाडाभरडा, दमलेला आवाज आला. “मनी सुमन आठे शे का?”

तिचे आबा होते, आपली सुमन इथे आहे का विचारत. क्लासमध्ये ती दिसली नाही म्हणून शोधत आले होते. आवाज ओळखून अक्कानं माझं मनगट घट्ट धरलं. आमच्यातल्या कुणाला सुमन कोण ते माहीत नव्हतं, पण कळायला वेळ लागला नाही. सर्वांत आधी ओरडला तो शेखर. “शे!” मग मी. मग सगळे, पोरं, रिक्षावाले, गल्ल्यावरून नानीसुद्धा. “शे! शे! शे!” त्या काळोखात एवढ्या जोरानं की बोळातली कुत्री भुंकायला लागली. तीन अक्षरांची यादी पुसली गेली होती, पण ती अक्षरं आता दहाबारा गळ्यांतून निघत होती आणि त्यांना लाइट लागत नव्हती.

नानींनी कंदील लावला. आबा दारात उभे होते, डोक्यावर टोपी, हातात पिशवी, आणि पोरांच्या घोळक्यात आपली मुलगी, अनवाणी. आता काय होणार ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कुणी हलेना. शेवटी एक आगाऊ पोरगा आनंदाच्या भरात बोलून गेला, “आबा, अक्कानी जावई पाडा!”

“कोना जावई?” आबांचा आवाज चिरकला. पिशवी खाली पडली. बिचारे मुलीसाठी स्थळं बघत होते आणि धुळ्यात येऊन हे ऐकायला मिळालं. आम्ही हसूही शकत नव्हतो आणि हसू आवरतही नव्हतं. अक्काच पहिली हसली. मग नानींनी आबांना सायकलींच्या खोलीतून खुर्ची आणून दिली, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. जावई कोण, शे कोण, शेखर कोण. आबांनी ऐकून घेतलं. काळ्या काचेकडे बराच वेळ बघत राहिले. गाडीची वेळ निघून चालली होती, पण ते उठेनात. मग म्हणाले, “लाइट येवू द्या. मंग माले बी दखाड.”

लाइट आली. अक्का पुन्हा खेळली, आणि मागे आबा खुर्चीवरून उठून उभे. “खाले येई राहिना! मार ना वं!” असं ते इतक्या जोरानं ओरडत होते की अक्काला हसू आवरेना. त्या नादात तिचं विमान तिसऱ्याच पडद्यावर गेलं. आबांना त्याचं काही वाटलं नाही. ते एवढंच म्हणाले, “तुना हात मशीनवर बसेल शे. आते घर ईसन काय करशी?” आता घरी येऊन काय करशील, या एका वाक्यानं तिचं गाव सुटलं आणि जळगावचा संगणकाचा कोर्स ठरला. अर्थात हे आम्हाला पुढे कळलं.

ते दोघं त्या रात्री मामांकडेच थांबले. सकाळी नानांनी आग्रा रोडवरून ट्रकवर नावं घालणारा पेंटर धरून आणला. नानांचं म्हणणं, लाइटनं पुसलं जाणार नाही असं काही तरी पाहिजे. पेंटरनं मशीनच्या एका बाजूला आधी सवयीनं दोन मोर आणि एक कमळ काढलं, मग ब्रश धरून विचारलं, “पूर्ण नाव सांगा. मुलीचं, मग वडिलांचं, मग आडनाव.” अक्कानं तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, “मनं नाव कसाले? खेयनी ते ती ना!” पेंटरला ते विचित्र वाटलं. त्यानं दोनदा विचारून खात्री केली. मग दोन मोरांच्या मध्ये, ट्रकवर लिहितात तशा जाड लाल अक्षरांत एकच शब्द लिहिला. सुमन. अक्का त्याच्याकडे बघत उभी राहिली. रंग ओला आहे, हात लावू नको, असं तिला सगळ्यांनी सांगितलं. तिनं लावलाच.

दोन-तीन वर्षांनी तिचं लग्न ठरलं तेव्हा मशीन जुनं होऊन भंगारात निघालं होतं. नानांनी ती फळी करवतीनं कापून काढली आणि लग्नात आहेर म्हणून पाठवली. आबांनी ती थेट रुखवतात मांडली. विणलेले रुमाल, साखरेचा ताजमहाल, लोकरीचे ससे, आणि मधोमध ही दोन मोरांची फळी. वराकडची मंडळी रावेरकडची, केळीवाली, शिष्टाचाराची. एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, हे काय आहे? आबा छाती काढून म्हणाले, “मनी आंडेरनी इमानं पाडेल शेतस,” म्हणजे माझ्या मुलीनं विमानं पाडली आहेत. शेजारी उभा असलेला नवरदेव, भागवतराव, खो खो हसला. या घरात अक्काचं बरं चालणार हे मला तेव्हाच समजलं.

आणि बरंच चाललं. तिनं जळगावात क्लास काढला, वाढवला. कुणी म्हणायचं मुली मशीनला घाबरतात. ती म्हणायची, त्यांना मशीनसमोर उभं तर करा. आम्ही वर्षातून एकदा भेटायचो, आणि भेटलो की ती पहिलं वाक्य तेच टाकायची, “काय विनूभाऊ, जावई पाडला का?” मी म्हणायचो, पाडीन. मी खरंच पाडणार होतो... असं मला नेहमी वाटायचं.

परवा जळगावला भेटायला गेलो. भागवतराव मला क्लासच्या आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथे विटांवर चढवलेलं एक उंच टेबल आहे, खुर्ची नाही. अक्का संगणकावर कधी बसून काम करायची नाही. मशीनपुढे उभं राहायचं हे तिचं धुळ्यापासूनचं. मुलानं दोन वर्षांपूर्वी कुठून तरी तो जुना खेळ शोधून तिच्या संगणकात घालून दिला होता. रोज क्लास सुटला की घरी जाण्याआधी ती इथे उभी राहून एक डाव टाकायची. भागवतरावांनी संगणक सुरू केला. आता लाइट गेली तरी यादी पुसली जात नाही. दहाच्या दहा ओळींवर तीच तीन अक्षरं होती.

“खेळा,” भागवतराव म्हणाले आणि चहाचं बघायला बाहेर गेले.

मी चपला काढल्या. पहिला पडदा गेला, दुसरा गेला. माझं मलाच नवल वाटावं इतका चांगला खेळत होतो. ओळीच्या टोकाला जाऊन उभा राहत होतो, तिच्यासारखा. आकडा चढत गेला आणि यादीतल्या दहाव्या ओळीच्या जवळ आला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी वर गेलो तर सर्वांत खालची शे यादीतून पडणार. माझी तीन अक्षरं येण्यासाठी तिची तीन जाणार. क्षणभर बोट थांबलं. मग मी स्वतःलाच शिवी दिली. अक्कापुढे मुद्दाम हरणं म्हणजे तिचा अपमान. त्यासाठी तिनं मला कधीच क्षमा केली नसती. मी दात खाऊन खेळलो. समोर जावई उतरला. मी वाट बघितली, टोक, पायरी, टक. टोक, पायरी... आणि माझं बोट थोडं उशिरा पडलं.

जावई माझं विमान घेऊन गेला. दहाव्या ओळीला पोहोचायला अगदी थोडं कमी पडलं. मशीननं मला नाव विचारलंच नाही, सरळ यादी दाखवली. वरपासून खालपर्यंत सगळी ती. मी त्या उंच टेबलाशी उभा राहून मोठमोठ्यानं हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. भागवतराव चहा घेऊन धावत आले. शेखर, भागवतराव, जे कुणी हे वाचतील त्या सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. मी मुद्दाम हरलो नाही. तिनं मला हरवलं.